दुसऱ्यांदा नवल

(तिसरीचा वर्ग. शाळा नुकतीच सुटलेली. पाण्याच्या टबाभोवती फरशी ओली.)

बाई : पण तिला नवल वाटलंच नाही, तर आणायचं कुठून तिने, मोठ्या बाई?

मोठ्या बाई : बाकीच्या पोरांनी आणलंच ना? खिळा बुडाला, पत्र्याचं झाकण तरंगलं, की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "अरेच्चा, असं कसं?" एवढंच. आणि ही भवानी म्हणते, "काल पाहिलंय की."

बाई : पाहिलंय तर काय म्हणेल बिचारी?

मोठ्या बाई : हे बघा, डोकं उठलंय माझं. उद्या तपासणीचे साहेब येतायत. ज्ञानरचनावाद, मुलांनी स्वतः शोधायचं, हे शिबिरातून आल्यावर तुम्हीच माझे कान किटवलेत.

बाई : शोधायचं म्हटलं होतं. शोधल्याची तालीम करा, असं नव्हतं म्हटलं. सकाळपासून तेच ते शोधून पोरं कंटाळलीत.

मोठ्या बाई : गेल्या खेपेचा शेरा विसरलात? "मुले पाठ केलेले बोलतात." माझी मान खाली गेली होती.

बाई : म्हणून आता पाठ न केल्यासारखं बोलणं पाठ करून घ्यायचं. धन्य आहे आपली.

मोठ्या बाई : वाद नकोय मला. तिला उद्या वाचनालयात बसवा. पुस्तकं लावत बसेल.

बाई : नाही बसवणार. वर्षभर त्या पोरीने तोंडातून ब्र काढला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. आणि काल झाकण तरंगताना बघून आपणहून म्हणाली, "बाई, हेच झाकण ठोकून त्याचा गोळा केला तर?" माझ्या अंगावर काटा आला. आज ते करून बघायचं होतं आम्हाला. त्याऐवजी दिवसभर अरेच्चा, अरेच्चा. उद्या तिला बाहेर काढलंत, तर ती पुन्हा मिटेल. मग तुम्ही उघडा तिचं तोंड.

मोठ्या बाई : हळू बोला. दारातच उभी आहे ती. अगं, घरी नाही गेलीस?

मुलगी : आई यायचीय अजून.

मोठ्या बाई : ऐकलंस का आमचं?

मुलगी : हो. मला बाहेर नका ना बसवू. मी म्हणेन उद्या अरेच्चा.

मोठ्या बाई : बघा. शहाणी आहे पोर. तुम्हीच उगाच आकाशपाताळ एक केलंत.

बाई : ये गं, इकडे ये. तो झाकणाचा गोळा करणार होतीस ना?

मुलगी : केलाय. घरच्या तसल्याच झाकणाचा. काल बाबांनी हातोडीने ठोकून दिला. दप्तरात आहे.

बाई : मग काढ की. पाणी आहेच इथे. आत्ता टाकून बघू आपण.

मुलगी : टाकते. पण बाई, आधी सांगा, तो बुडाला की काय म्हणायचं?