केसाएवढ्या नालीतलं पाणी

...आन् वरून लोक मलेच इचारतात, 'तुलसीराम, मशीन बिघडली होती का?' काऊन बिघडन? मशीन खोटं बोलत नाही जी!

तुमाले सांगतो, आमच्या गोरेगावकडच्या तलावाचं पाणी झालं हिरवंगार, वर साय धरल्यावाणी थर. शेजारच्या दसरूच्या दोन म्हशी पाणी पिल्या आन् घाटावरच पाय झाडून मेल्या. तवापासून माही म्हैस मैना खुंट्याले बांधून. सातवा महिना भरलेला तिले! कुंता, म्हणजे माही बायको, बोरवेलचं पाणी बकेटीनं पाजे आन् मले बोलणे खाऊ घाले.

मंग कळलं, विद्यापीठातली मॅडम मशीन घेऊन येऊन राहिली. झालं! आमच्या गावाची खोड तुमाले माहीत हाय का? कोणी सायब येनार म्हणलं का पयले झाडू निघते. सरपंच खेमराज म्हणे, "पाहुन्यायले असा घाण तलाव दाखवाचा? इज्जत हाय का नाही गावाची?" पुढं कोण झालं? मी! जुन्या मच्छरदाण्या घेतल्या, घाटाचा सारा हिरवा थर गाळून काढला, वरून बोरवेलचा पाईप दिवसभर घाटात सोडला. पाणी कसं, तोंड दिसे त्यात! आन् तो गाळ? फेकाचा कायले, खत होईन म्हणून टोपल्या भरभरून माह्याच घरामागच्या सांदवाडीत, गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकलो. हुशार ना मी!

मॅडम आली. मशीन म्हणजे काय, नखाएवढी काच, त्यात केसाएवढी नाली. "काका, थेंबातली शेवाळाची एकेक पेशी इथून जाते. तिच्यावर प्रकाश टाकला की ती चमकते. विषारी जातीची चमक वेगळी. ती दिसली की आवाजाच्या लाटेनं तिला बाजूच्या नालीत ढकलायचं." आवाजानं ढकलते? मी म्हणलो, मॅडम, यात नवं काय हाय, कुंताच्या आवाजानं मी रोजच बाजूले होतो! सारे हासले. मॅडमही हासली. मंग तिनं घाटावरचं पाणी घेतलं आन् इचारलं, "या पाण्याला काही केलं नाही ना?"

खेमराज माह्याकडं पाहे, दसरू खाली पाहे. आन् मी...मी म्हणलो, "नाही जी. तलाव असाच राहते."

लागली मशीन चालाले. बाजूची नाली कोरडीच म्हणा ना! मॅडम बोलली, "या नमुन्यात तरी विषारी शेवाळ नाही. पण मी पुन्हा येणार, तोवर जनावरं सोडू नका." हे शेवटचं आयकलं कोणी? मशीन खोटं बोलत नाही जी!

घरी आलो आन् मैनाले सोडलो. कुंता आडवी आली, "त्या मशीनले तुमी कोनतं पाणी देलं?" मी म्हणलो, "चूप राह्य! तुले इज्ञान समजते का?" आता पाहा, मशीनले फसवलं कोणी? मी! आन् तिच्यावर भरोसा ठेवला कोणी? मीच! पाऊस पडून गेला होता, गाळाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. मैना तिथं तोंड लावून पिली. संध्याकाळच्या आधीच पडली. पोटातलं हालत होतं, मी हात ठेवून बसलो होतो...मंग तेही थांबलं. लय रडलो जी. कुंता एक शब्द नाही बोलली. बोलली असती तं बरं झालं असतं.

मॅडम परत आली, आता मैना पिली त्या खड्ड्यातला थेंब घेतला. काय सांगू! सारी गर्दी बाजूच्या नालीत, धक्क्यावर धक्का! मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मीच म्हणलो, मॅडम, मशीन खोटं बोलत नाही, पण खोटं बोलणाऱ्याले बाजूले ढकलाची काही सोय हाय का यात?

मॅडम म्हणे, "काका, नाली केसाएवढी आहे."

खरं हाय. माणूस मावत नाही ना जी तिच्यात.