हेळव्याच्या वहीत माय

त्या दिवशीचं ऊन अजून आठवतं बघा. आभाळ पांढरंफटक, वारा पडलेला, दुष्काळानं सगळं गाव झोपेत चालल्यासारखं. अशात घंटी वाजली अन् बैलावर बसून हेळवी आला. आमच्या घराण्याची वंशावळ त्याच्याच वहीत असते. ओसरीवर बसून त्यानं आधी वहीत गावाच्या नावापुढचा जुना जिल्हा खोडला अन् नवा झालेला लातूर लिहिला.

मी म्हणालो, "महाराज, औंदा माय गेली. तिचं बी नाव लिहा."

"बायांची नावं न्हाई लिहीत, बापा. रीत न्हाई."

"मग जिल्हा कसा बदलला? त्याची तरी कुठं रीत होती?"

तो गालात हसला. लेखणी उचलून म्हणाला, "सांग नाव."

आम्ही लेकरं तिला माय म्हणायचो, बाप नुसतं "अगं" म्हणायचा. तिचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. बैल रवंथ करत राहिला, लेखणी तशीच थांबली.

शेजारची गिरजाक्का रिकामी घागर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "नीलव्वा लिहा. आडावर आम्ही एकमेकींला नावानंच हाका मारायचो."