चार तलवारी आणि आम्रपालीचा उजवा हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या स्टुडिओच्या प्रमुख आदरणीय नीरजाताई, मांजरी गावाहून आपला वर्ग सोडून आलेल्या प्रमुख पाहुण्या द्वारकाबाई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आम्रपाली गजभिये, आणि भाड्याच्या खुर्च्या मंगळवारीच परत गेल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सर्व सहकारी,

व्यासपीठ नाही. डबा खायचं टेबल पुढे ओढलं आहे, त्यालाच व्यासपीठ समजावं. मी अनंत परचुरे, राहणार नारायण पेठ. इथला सर्वांत वयस्क चित्रकार. वय झालेल्या माणसाला भाषण येतंच, असा आपल्याकडे समज आहे, म्हणून मी उभा आहे.

द्वारकाबाईंना आमचा धंदा नीट ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही संगणकावरचे खेळ तयार करतो. करत होतो, म्हणायला हवं. एका परदेशी प्रकाशकासाठी आम्ही सह्याद्रीतल्या लढायांचा खेळ करायला घेतला. आम्रपाली तेव्हा यवतमाळहून इंजिनिअर होऊन आलेली, चित्रं हलती करायच्या कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. पहिल्याच बैठकीत तिनं हात वर केला.

"सर, यात चार तलवारी आहेत, पण चारही एकच काम करून राहिल्या. फक्त आकडे वेगळे."

मी म्हटलं, "मग काय हवं?"

"कुणी कुठं उभा आहे त्यावर ठरायला हवं ना! घोड्यावरचा माणूस आणि जिन्यातला माणूस एकच तलवार का घेईल?"

आता, बैठकीत असा प्रश्न विचारणाऱ्याला काय मिळतं? तेच काम मिळतं. नीरजाताई म्हणाल्या, "छान. तूच शोधून काढ." आणि तिनं खरंच काढलं, हा तिचा स्वभाव.

संग्रहालयात काचेपलीकडून बघून तिचं समाधान होईना. तिनं द्वारकाबाईंना गाठलं. बाई मांजरीला शाळेच्या मैदानावर मुलींना मर्दानी खेळ शिकवतात. पहिल्या दिवशी बाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "शिकायचं हाय का फोटो काढायचाय?" आम्रपाली म्हणाली, "शिकायचं आहे, मावशी." त्यानंतर दीड वर्ष तिचा एक रविवार चुकला नाही.

चार तलवारी कोणत्या? एक आपली नेहमीची वाकडी तलवार. तिची मूठ इतकी आखूड की हात अडकल्यासारखा होतो. ती घाव घालून थांबत नाही, ओढत कापत जाते. दुसरी धोप, लांब आणि सरळ, घोडेस्वाराची. तिसरा खांडा, रुंद आणि जड, एकदा खाली आला की पुन्हा वर न्यायला वेळ घेणारा. आणि चौथा पट्टा, ज्यात कोपरापर्यंत हात लोखंडी खोबणीत जातो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा असतो. पट्ट्यात मनगट वळतच नाही. सगळा हात खांद्यातून फिरतो. चारी बाजूंनी माणसं आली तर पट्ट्यासारखं दुसरं शस्त्र नाही, असं बाई सांगायच्या.

या चारींची परीक्षा आम्ही कुठे कुठे घेतली! घोड्यासाठी वरातीची घोडी भाड्यानं आणली. ती बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलेना, म्हणून आपल्या ध्वनी विभागानं मोबाइलवर बँड लावला. आम्रपाली वर बसली आणि तिनं खाली शत्रू होऊन उभ्या असलेल्या माझ्या पगडीला लाकडी धोपेचं टोक लावून दाखवलं. वाकडी तलवार घेतली तर वीतभर कमी पडत होती, त्यासाठी तिला खोगिरातून ओणवं व्हावं लागे, आणि ओणवी झाली की घोडी निघून जाई. जिन्यासाठी नारायण पेठेतल्या माझ्या इमारतीचा जिना घेतला. तिथं धोप कठड्यावर आपटली, खांडा भिंतीत अडला, आणि वाकडी तलवार मात्र दोन पायऱ्यांच्या जागेत सुखानं फिरली. आमच्या शेजारच्या जयाकाकू दार उघडून बघत होत्या. म्हणाल्या, "परचुरे, सोसायटीच्या नियमांत तलवारीचा उल्लेख नाही. पण जिन्यात खेळू नये, असा आहे." आणि दार लावून घेतलं.

हसा. हसण्यासारखं पुढे फार नाही.

पट्टा राहिला होता. मांजरीच्या मैदानावर आम्ही चौघांनी कापूस गुंडाळलेल्या काठ्या घेऊन तिला घेरलं. ती पट्टा फिरवत होती आणि आम्हा चौघांना जवळ जाता येत नव्हतं. बाई बाजूला उभ्या राहून ओरडत होत्या, "खांद्यातनं, पोरी! खांद्यातनं!" ती सुंदर दिसत होती. चित्रकार म्हणून सांगतो, माणूस इतका पूर्णपणे एका कामात गढून गेलेला मी क्वचित पाहिला आहे. मग वळताना तिचा पाय गाडीच्या चाकोरीत गेला.

आपण पडतो तेव्हा काय करतो? तळवा उघडून जमिनीला लावतो. तिचा तळवा लोखंडात बंद होता. सगळं अंग त्या हातावर आलं. आवाज आम्ही चौघांनी ऐकला.

ती उठून बसली, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणाली, "सर, लक्षात ठेवा. पट्टेवाल्यानं पडायचं नाही. हे खेळात घ्यायला पाहिजे."

बाई तिच्या शेजारी मातीत बसल्या. लोखंड काढताना एवढंच म्हणाल्या, "बोलू नगं आता."

मनगटाजवळचं हाड मोडलं होतं आणि त्यानं नस दाबली गेली. शस्त्रक्रिया झाली, मग आणखी एक झाली. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं तेवढं केलं. उजव्या हाताची तीन बोटं आजही पुरती मिटत नाहीत आणि अंगठ्याला स्पर्श कळत नाही. ज्या हातानं ती चित्रं हलवायची, तोच हा हात.

ती परत आली आणि डाव्या हातानं शिकू लागली. पहिल्या महिन्यात तिच्या रेषा बालवाडीतल्या मुलासारख्या यायच्या. कुणी बघायला गेलं की ती संगणकाचा पडदा बंद करायची. पण खेळ पूर्ण झाला. त्या दिवशी आपण सगळे या मजल्यावर तो खेळलो, आठवतं ना? धोप घेऊन बुरुजाच्या जिन्यात शिरलेले शहाणे मागे पळत होते. घोड्यावर खांडा घेतलेले एक वार करून हात वर करेपर्यंत खाली पडत होते. पट्टेवाला घोळक्यात राजा होता, आणि पडला की संपला. लोक एकमेकांना ओरडून विचारत होते, "तू कुठं उभा आहेस? मग हे का घेतलंस?" आम्रपाली कोपऱ्यात उभी राहून नुसती ऐकत होती.

मग प्रकाशकाचं उत्तर आलं. खेळणाऱ्याला विचार करायला लावू नका. तलवार एकच ठेवा, रंग बदला.

नीरजाताई त्यांच्याशी किती भांडल्या ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे. उपयोग झाला नाही. चार तलवारींमधला फरक काढून टाकायचा, असं ठरलं. हे काम कुणाला द्यावं, हा प्रश्न आला. तेव्हा आम्रपालीच म्हणाली, "मला द्या. दुसऱ्यानं काढलं तर कुठंतरी चुकेल."

मी म्हटलं, "अगं, चुकलं तर चुकू दे. आता काय बिघडणार आहे?"

"मग खेळ अडकेल, सर. आणि लोक म्हणतील, तलवारींमुळे अडकला."

डाव्या हातानं तिनं स्वतःच बांधलेलं सगळं एकेक करून सोडवलं. जिना, घोडा, घोळका. शेवटी पट्टेवाल्याचं पडणं. ते काढलं त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. अमेरिकेत बँका बुडाल्या, प्रकाशकानं हात आखडला आणि तो एका तलवारीचा खेळसुद्धा बंद झाला. आपण केलेलं सगळं कराराप्रमाणे प्रकाशकाकडे गेलं. तिकडे ते कुणी उघडून बघेल, असं मला वाटत नाही. आपल्यापैकी अर्धे जण या महिन्यात जाणार आहेत, आणि पहिली आम्रपाली जाते आहे. तिनं हडपसरपासून हिंजवडीपर्यंत चकरा मारल्या. बहुतेक ठिकाणी भरती बंद आहे. एका ठिकाणी त्यांनी तिचं काम पाहून नावाजलं, मग हाताकडे पाहिलं आणि कळवतो म्हणाले. कळवलेलं नाही. उद्या ती आईवडिलांकडे यवतमाळला जाईल. तिथं काय करणार, हे मी विचारलं. "बघू," म्हणाली.

द्वारकाबाईंच्या वर्गाचीही बातमी चांगली नाही. त्या मैदानाभोवती पत्रे लागले आहेत आणि पत्र्यांवर नव्या इमारतींच्या पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. बाई, आपण आलात, आपले मनापासून आभार. आपण मघाशी मला म्हणालात की, "माझ्या हाताखाली एवढी शिकलेली पोर दुसरी झाली न्हाई." ते आपण तिलाही सांगावं. ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

अशा प्रसंगी वक्त्यानं उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा द्यायच्या असतात. ते वाक्य मी घरी दोनतीनदा म्हणून पाहिलं. तोंडातून निघेना. आम्रपाली, तू केलेलं काम चांगलं होतं. ते आता कुठेही नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांच्यात तिसरी घालता येत नाही.

नीरजाताई, आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. उभ्यानं ऐकणाऱ्या सर्वांचे आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या.

आता अध्यक्षांच्या हस्ते पुष्पगुच्छ. ताई, जरा जड दिसतो आहे. तिच्या डाव्या हातात द्या, आणि तिनं नीट धरेपर्यंत सोडू नका.