पहिलं व्याख्यान कुणाचं?

लेक : ...तर पहिलं व्याख्यान तुमचं, बाबा. रेक्टर फादरांनीही लगेच मान डोलावली. आता आढेवेढे नकोत.

बाबा : अगं, रिटायर झालेल्या शाळामास्तराला कोण ऐकणार? तुझ्या विद्यापीठात विद्वान काय कमी आहेत?

लेक : तुमचंही विद्यापीठ आहे की ते. आधी या सत्रात काय काय ठेवलंय ते तर ऐका. दर बुधवारी संध्याकाळी व्याख्यान. एक शहरातल्या वाढत्या उन्हाळ्यावर, एक घर सोडून परमुलखात कामाला येणाऱ्या बायकांवर, एक कचरा वेचणाऱ्यांवर. शिवाय दोन अभ्यासक्रम, कुणीही येऊन बसावं असे. एक पाणी आणि समाज, तो माझा. दुसरा मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा, तो डीन फादर स्वतः शिकवणार. हल्ली त्यांच्या ऑफिसात गेलं की टेबलावर कुणाचा तरी टोस्टर पोट उघडून पडलेला असतो.

बाबा : आणि माझ्या व्याख्यानाला नाव काय दिलंयस?

लेक : 'एका नदीचा पुनर्जन्म'.

आई : पुनर्जन्म! मग आधी मेलं कोण, तेही सांगणार आहात का तिथे?

लेक : आई, काय झालं?

आई : काही नाही. हे मटार सोल. निम्मे तरी संपव.

बाबा : तुझ्या आईला नाव पसंत नाही.

आई : नाव छानच आहे. पोस्टरवर शोभेल.

लेक : पण यात खोटं काय आहे? चामड्याचा कारखाना नदीत घाण सोडायचा. बाबांनी आणि तेव्हा विद्यापीठ चालवणाऱ्या मोठ्या फादरांनी आवाज उठवला. कारखाना बंद झाला, नदी साफ झाली. लहानपणापासून हेच ऐकत आलेय मी.

आई : कारखाना बंद झाला. बरोबर. आणि तिथे कामाला कोण होतं?

लेक : आजोबा. माहीत आहे मला.

आई : होते, एवढंच माहीत आहे तुला.

लेक : तुमची ओळख कशी झाली तेही माहीत आहे. चॅपेलखालच्या हॉलमध्ये, असल्याच एका व्याख्यानाला. बाबा मंचावर होते आणि तू पहिल्या रांगेत.

आई : कसली पहिली रांग! दाराशी उभी होते मी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. वॉर्डातून सुटले ती तशीच आले, पांढऱ्या बुटांत.

बाबा : घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. उघडताना कुणाचं तरी बोट चेमटायचंच. आणि फादरांचा तो प्रोजेक्टर! स्लाइड अडकली की फादर वरून एक टपली मारायचे आणि चित्र उलटं व्हायचं. नदी वर, आभाळ खाली.

आई : आणि हे मधोमध उभे. हातात काळ्या पाण्याची बाटली, जादूगारासारखी उंच धरलेली.

बाबा : पोरवय होतं गं.

आई : दिसत मात्र छान होतात. राग यायचा तेवढा आला, पण दिसतही छान होतात. तिथेच घोळ झाला.

लेक : हे कधी बोलली नाहीस तू!

आई : तू विचारलंस कधी? शेवटी फादर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? हात वर करायचा असतो, हेही मला सुचलं नाही. तिथूनच म्हटलं, कारखाना बंद पडला तर माझे वडील सोमवारी सकाळी डबा घेऊन कुठे जातील?

लेक : मग?

बाबा : मग काय. उत्तर मला द्यायचं होतं. पुनर्वसन म्हणालो, पर्यायी रोजगार म्हणालो...

आई : दोन मोठे शब्द आणि तीन वेळा खोकला.

बाबा : फादर मात्र मंचावरून उतरून सरळ हिच्यापाशी गेले. म्हणाले, 'मला माहीत नाही. मी घरी येऊन त्यांनाच विचारलं तर चालेल?'

लेक : आले खरंच?

आई : दुसऱ्याच दिवशी. यांनाही घेऊन. माझे आप्पा खिडकीची कडी बसवत होते. फादर आले, नमस्कार केला, आप्पा कडीच बसवत राहिले. मान म्हणून वर केली नाही. शेवटी फादर त्यांच्या शेजारी उभे राहून एकेक स्क्रू हातात देऊ लागले. हे आपले दारात, भिजल्या मांजरासारखे.

लेक : म्हणजे आई, कारखाना बंद व्हायला नको होता असं वाटतं तुला?

आई : असं कधी म्हणाले मी? नदीकाठच्या पोरांच्या अंगावरचे चट्टे मीच धुवत होते ना वॉर्डात. तेच चट्टे आप्पांच्या मनगटांवर होते. नदी साफ व्हायलाच हवी होती. पण ही गोष्ट जो तो सांगतो ना, त्यात एका वाक्यात कारखाना बंद होतो आणि पुढच्या वाक्यात पाणी निवळशंख वाहायला लागतं. मधली वर्षं कुणी जगलंच नाही जसं काही.

(बाबा उठून चहाखालचा गॅस बारीक करतात.)

लेक : आजोबांनी काय केलं मग?

आई : आधी काहीच नाही. सकाळी दाढी करायचे, बूट घालायचे आणि पलंगावर बसायचे. मग फादरांनी विद्यापीठात कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले. नळजोडणी, विजेची कामं, पाणी तपासणं. तेव्हा असलं काही तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं.

बाबा : प्राध्यापकांनी केवढी कुरकुर केली! फादर म्हणाले, बाकं रात्री रिकामीच असतात, त्यांना काय फरक पडतो?

आई : तरण्या मुलांना कामं लागली त्यातून. आप्पांना नाही लागलं. वय उलटून गेलं होतं. तरी जात राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, भांग पाडलेला. आणि एक दिवस खोलीच चुकले.

बाबा : हां, सांग, सांग ते.

आई : पुढे फादर होणाऱ्या मुलांचा देवशास्त्राचा तास चालू होता, तिथे जाऊन बसले. त्यांना वाटलं, नळजोडणीच्या आधी हे शिकवत असतील.

लेक : काय सांगतेस!

आई : आणि रमले की तिथे! शिकवणारे फादर इतके भले, त्यांनीही विचारलं नाही तुम्ही कोण. आप्पा रोज जाऊन बसायला लागले. एकदा जेवता जेवता मला म्हणाले, देव जर सगळीकडे आहे, तर सांध्यातून पाइप गळतो कसा? आई हसली, मी हसले, मग तेही हसले. किती दिवसांनी हसलो होतो आम्ही त्या घरात! शिकले असं काही फार नाहीत. पण संध्याकाळी जायला एक जागा झाली. कुणीतरी 'या, बसा' म्हणत होतं.

लेक : आई, हे तू बोल ना. बुधवारी.

आई : मी? मला भाषण येत नाही. इंजेक्शन म्हणशील तर देते, अख्ख्या हॉलला.

बाबा : ती बोलणार असेल तर मीही बोलतो. पण आधी ती.

आई : आधी मी का म्हणून?

बाबा : मी संपवलं की टाळ्या पडतात आणि लोक चहाकडे वळतात. तुझं ऐकल्यावर कुणी उठायचं नाही.

आई : गोड बोलून गळ्यात मारताय.

बाबा : इतकी वर्षं चाललंच आहे की.

आई : बरं. पण तो पुनर्जन्म काढून टाका.

लेक : काढला. काय लिहू?

आई : लिही, 'नदी, कारखाना आणि मधली वर्षं'.

लेक : हे फारच चांगलं झालं. उद्याच छापायला देते. पण बाबा, आजोबा तुमच्याशी बोलायला कधी लागले? लग्नाच्या फोटोत तर आहेत.

आई : आहेत ना. फोटोग्राफरकडे बघतायत. यांच्याकडे नव्हे.

बाबा : तू रांगायला लागली होतीस तेव्हा. मी एका संध्याकाळी काठाकाठाने घरी येत होतो. पाणी निवळलं होतं एव्हाना, पोरं डुंबत होती. आप्पा पुलापाशी दगडी बाकावर एकटेच, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं डुलकी लागली असेल. पाय न वाजवता पुढे निघालो.

आई : हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

बाबा : मागून म्हणाले, 'मास्तर, पाणी छान केलंत.' मी थांबलो. मग म्हणाले, 'पूर्वी इथे डोळे मिटले तरी वासावरून कळायचं, आपण कुठे आहोत ते. आता कळत नाही.'

लेक : तुम्ही काय म्हणालात?

बाबा : काय म्हणणार? मागे फिरून बाकापाशी गेलो. त्यांनी डोळे उघडले, शेजारी ठेवलेली टोपी उचलून मांडीवर घेतली, आणि थोडे सरकले.