नेदर कॉम्बलीचे तेरा गुन्हे

(जून २००६. बर्कशायरमधलं नेदर कॉम्बली हे चारशे वस्तीचं गाव. बुधवार, संध्याकाळचे सव्वासहा. शशिधर आणि आसावरीच्या स्वयंपाकघरात टेबलभर गावाचा नकाशा पसरलेला आहे.)

शशिधर : ...म्हणून साडेतीनशे टक्के हा आकडा खोटा नाही, निरर्थक आहे. गेल्या वर्षी गावात चार गुन्हे झाले, यंदा अठरा. चारशे माणसांच्या वस्तीत एखाद्याची सायकल तळ्यात सापडली, तरी गुन्हेदर पंचवीस टक्क्यांनी वर जातो.

आसावरी : भात खाता खाता बोल. साडेसातला मीटिंग आहे, आणि व्हिलेज हॉलमध्ये चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळत नाही.

शशिधर : भात थांबेल. मुळात गेल्या सप्टेंबरात इथे नेबरहुड वॉच सुरू झालं. पाहणारे डोळे वाढले की नोंदी वाढतात, त्यावरून चोर वाढले असा निष्कर्ष निघत नाही. घरात थर्मामीटर आणल्यामुळे कुणाला ताप येत नाही.

आसावरी : हे वाक्य इंग्लिशमध्ये म्हण, वॉचच्या मेजर पेनफोल्डना आवडेल. पण शशी, लोकांना परसेंटेज नकोय, त्यांना दानुता हवी आहे. ठरावच तिच्याविरुद्ध आहे.

शशिधर : तिकडेच येतो आहे. मला क्रमाने येऊ दे.

आसावरी : तू क्रमाने येईपर्यंत तिची नोकरी गेलेली असेल. परवा फार्मसीत माझ्या काउंटरला आली होती, मिसेस हॅलिडेंची औषधं न्यायला. रोज पहाटे मेडनहेडहून बस पकडून येते, तीन म्हाताऱ्यांना उठवते, आंघोळ घालते, खायला देते. आज यांनी तिला पाठवणाऱ्या एजन्सीला पत्र लिहिलं की ही बाई आमच्या गावात नको, तर ती लोकं चौकशीबिवकशी करत नाहीत, सरळ काढून टाकतात. आणि राहायची खोली एजन्सीचीच. म्हणजे तीही गेली.

शशिधर : पत्र जाणार नाही. आसावरी, मी गेले दहा दिवस रोज औषधचाचण्यांचे आकडे तपासून घरी आलो आणि रात्री हे तपासलं. एवढा आनंद मला ऑफिसच्या कामात गेल्या पाच वर्षांत झालेला नाही. आता ऐक. अठरापैकी पाच नोंदी किरकोळ. उरलेल्या तेरा एकाच जातीच्या आहेत : बागेतून फूल चोरीला गेलं.

आसावरी : पोलिसांत फुलांची तक्रार करतात, यावरूनच कळतं गाव किती सेफ आहे.

शशिधर : तसं नको म्हणूस. मिसेस हॅलिडेंची पांढरी पिओनी जूनच्या पुष्पप्रदर्शनासाठी वाढवलेली होती. त्या खरोखर रडल्या. तर दानुताविरुद्ध पुरावा काय? ती सहाला बसमधून उतरून या घरातून त्या घरी गावभर चालत जाते, आणि एकदा तिच्या हातात लाल गुलाब दिसला. विचारलं तर म्हणाली, कुणीतरी दिला. कुणी दिला, ते सांगेना. झाला खटला.

आसावरी : सांगितलं का नसेल पण?

शशिधर : ते मला ठाऊक नाही, आणि त्याची गरजही नाही. दानुता ईस्टरला पोलंडला गेली होती. दहा एप्रिल ते चोवीस एप्रिल. मी एजन्सीकडून लेखी घेतलं आहे. आणि त्याच पंधरवड्यात गावात तीन फुलं गेली.

आसावरी : अरे, मग संपलंच की. एवढं एक वाक्य बास आहे.

शशिधर : तिच्यासाठी बास आहे. माझ्यासाठी नाही. कारण मग प्रश्न उरतो, कोण? आणि तिथे, आसावरी, प्रकरण अतिशय देखणं होतं. हा नकाशा बघ. तेरा लाल ठिपके. विखुरलेले वाटतात ना? आता मी रेघ ओढतो. चर्चची गल्ली, मेजरांचं कोपऱ्यावरचं घर, तळं, जुनी शाळा, आणि परत. एकच वाट. कोणीतरी रोज फेरी मारतं आहे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

आसावरी : दिशा कशी कळली तुला?

शशिधर : वेळांवरून. चर्चपाशी सव्वासहा, शाळेपाशी पावणेसात. आणि चोराची शिस्त बघ. दर वेळी एकच फूल. कळी कधीही नाही. देठ नखाने खुडलेला, कात्री लावलेली नाही. फूल नेहमी कुंपणाबाहेर रस्त्यावर आलेल्या फांदीचं, आत पाऊल टाकल्याची एकही खूण नाही. दोन ठिकाणी उंच फांदीची साल खरचटली आहे, म्हणजे काठीच्या मुठीने फांदी खाली ओढली असावी. मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागला आहे.

आसावरी : काठीच्या मुठीने.

शशिधर : अजून ऐक, खरी गंमत पुढेच आहे. मी रंग आणि वार यांचा तक्ता केला. सोमवारी गेलेली सगळी फुलं पांढरी. मंगळवारची सगळी लाल. गुरुवारी पिवळी. तेरापैकी तेरा, एकही अपवाद नाही. हे योगायोगाने घडण्याची शक्यता मी काढली आहे, सांगू?

आसावरी : नको.

शशिधर : लाखात एकाहूनही कमी. इंग्लंडमध्ये वारांप्रमाणे रंग पाळणारा कुठला पंथ असावा, याचा मी दोन रात्री शोध घेतला. काही सापडलं नाही.

आसावरी : शशी, आपल्या बागेत फुलं आहेत?

शशिधर : आपल्या बागेत गवत आहे. विषय बदलू नकोस.

आसावरी : अण्णांच्या खोलीत खिडकीशी देव मांडलेत. त्यांना रोज ताजं फूल असतं. ते कुठून येतं?

शशिधर : तू आणतेस.

आसावरी : मी साडेसहाला घर सोडते. मला वाटायचं, तू ऑफिसातून येताना मेडनहेडहून आणतोस.

शशिधर : मी? मी देवांना फूल आणेन असं तुला वाटलं?

आसावरी : वडलांसाठी आणशील असं वाटलं. चांगलं वाटत होतं मला. अण्णा कुठल्या तारखेला आले?

शशिधर : नऊ एप्रिल.

आसावरी : आणि पहिलं फूल कधी गेलं?

शशिधर : ...अकरा एप्रिल. मंगळवार. मेजरांचं लाल कॅमेलिया.

आसावरी : आता दहा दिवसांचा आनंद खाली ठेव आणि थोडा भात खा.

अण्णा : अरे, काय चाललंय? मागे बाकावर बसलो होतो, तुझा आवाज पार कुंपणापर्यंत येतोय. वा, नकाशा. हाताने काढलास?

शशिधर : अण्णा, तुम्ही बसा जरा.

अण्णा : पण ही तर माझी वाट आहे. छान काढलीस रे. फक्त इथे चुकलास. तळ्यापासून मी सरळ जात नाही. डावीकडे एक पायवाट आहे, तिथे सायलीसारखं काहीतरी फुलतं. वास मात्र नाही.

आसावरी : अण्णा, हे लाल ठिपके म्हणजे पोलिसांतल्या तक्रारी आहेत.

अण्णा : कसल्या?

आसावरी : फुलं चोरीला गेल्याच्या.

अण्णा : चोरी कुठली? देवाला फूल घेतलं की ती चोरी होत नाही. नाशिकला कॉलनीत निवृत्तीनंतर आम्ही सगळेच सकाळी पिशवी घेऊन निघायचो. कुंपणाबाहेरचं फूल रस्त्याचं. कुणी बघितलं तर उलट म्हणायचे, आमचंही एक वाहा.

शशिधर : इथे तसं म्हणत नाहीत.

अण्णा : मी फार जपून घेतो रे. एका झाडाचं एक, कळीला हात नाही. तुझी आई होती तेव्हा तिचेच सगळे नियम होते, सोमवारी पांढरं, मंगळवारी लाल. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. तीस वर्षं हवामान खात्यात काढली, उपासाने पाऊस पडताना एकदाही पाहिला नाही. पण ती गेली आणि सकाळचं ते काम पोरकं झालं. कुणीतरी घ्यायला हवं होतं. मी घेतलं. ...किती आहेत म्हणालास?

शशिधर : तेरा.

अण्णा : तेराच? मग तुझी नोंद अगदीच अपुरी आहे. ऐंशी सकाळी झाल्या मला इथे. दोन दिवस सर्दीने पडून होतो. अठ्ठ्याहत्तर फुलं घेतली मी.

शशिधर : अठ्ठ्याहत्तर. म्हणजे सहापैकी एकच गुन्हा नोंदला जातो. अण्णा, तुम्हाला कल्पना आहे का, न नोंदलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण इतक्या अचूकपणे कुठल्याही...

आसावरी : शशी.

शशिधर : हो. क्षमा कर.

अण्णा : बरं, पण मग त्यांनी मला काही विचारलं कसं नाही? रोज दिसतो मी सगळ्यांना. मेजर तर हात हलवतात.

आसावरी : कारण त्यांना वाटतंय दुसऱ्याच कुणीतरी नेली. एक पोलिश बाई पहाटे बसने येते.

अण्णा : दानुता? ती तर माझ्या ओळखीची. शाळेपाशी रोज भेटते. पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगितलं, तर नीट जमेपर्यंत दोनदा म्हणून घेतलं तिने. एकदा फार दमलेली दिसली, म्हणून मी तिला त्या दिवशीचं फूल दिलं. म्हटलं, देव एक दिवस समजून घेतील.

आसावरी : लाल गुलाब?

अण्णा : हो. तुला कसं माहीत?

आसावरी : त्या गुलाबावरूनच पकडलंय तिला. कुणी दिला असं सगळ्यांनी विचारलं. तिने तुमचं नाव सांगितलं नाही.

अण्णा : नाव येत असून?

आसावरी : नाव येत असून. आज साडेसातला तिला गावात बंदी घालायचा ठराव आहे.

अण्णा : ...मला पाणी दे गं जरा.

शशिधर : हे बघा, घाबरण्याचं कारण नाही. माझ्याकडे ईस्टरच्या तारखा आहेत. दानुता तेव्हा देशातच नव्हती, एवढं सिद्ध केलं की ठराव पडतो. ती सुटली. नकाशा न्यायची गरज नाही. तो घरीच राहू दे.

आसावरी : मलाही आधी तेच वाटलं. आपले परमनंट राहण्याचे पेपर्स सरकारकडे, होम ऑफिसमध्ये पडलेत. अण्णा व्हिजिटर व्हिसावर आहेत. उद्या पोलिसांनी लेखी काही घेतलं, तर पुढच्या वेळी यांना येऊ देतील का, कोण सांगणार? मला खरंच भीती वाटते.

शशिधर : भीती रास्त आहे. म्हणून म्हणतो, जेवढं आवश्यक तेवढंच मांडायचं.

अण्णा : म्हणजे निरीक्षणं हातात असून दडवायची?

शशिधर : दडवायची नाहीत. सादर करायची नाहीत.

अण्णा : शशी, कोल्हापूरला असताना एका साहेबाने मला पावसाचा आकडा बदलायला सांगितलं होतं. तू तेव्हा चौथीत होतास. मी बदलला नाही, म्हणून आपली बदली झाली आणि तुझी शाळा सुटली. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. ते मी, तू आज मला असं लपवून वाचवावंस म्हणून केलं नव्हतं.

शशिधर : अण्णा, इथे प्रश्न तुमचा आहे.

अण्णा : म्हणूनच मी ठरवणार. तू आज ती नव्हती एवढंच सांगशील. लोक म्हणतील, ठीक, मग दुसरं कोण? पुढच्या आठवड्यात तो पेपरवाला, नाहीतर खिडक्या पुसायला येणारा. कमी दाबाचा पट्टा रिकामा राहत नाही, कुठून तरी हवा ओढून घेतोच. संशयाचंही तेच.

शशिधर : ...बरोबर आहे. मीच ऑफिसमध्ये लोकांना सुनावतो, की सोयीचे आकडे वेगळे काढून दाखवणं म्हणजे फसवणूक. आणि मघाशी अर्ध्या मिनिटात मी तेच करायला निघालो होतो.

आसावरी : अर्ध्याहून कमी. मी मोजत होते.

शशिधर : पण तुमच्याऐवजी मी सांगतो. तुमचं इंग्रजी...

अण्णा : माझ्या इंग्रजीला काय झालं? तीस वर्षं रोज सकाळी दिल्लीला तार केली आहे मी इंग्रजीत. तू नकाशा समजाव, आकडे तुझे. फुलं माझी आहेत, ती मी सांगेन. आणि त्या बाई, पांढऱ्या फुलाच्या?

आसावरी : मिसेस हॅलिडे. प्रदर्शनासाठी ठेवलं होतं त्यांनी ते.

अण्णा : मला वाटलं नव्हतं गं, कुणी एका फुलासाठी वर्षभर वाट बघत असेल. त्यांना काय सांगू?

आसावरी : हेच सांगा. जसंच्या तसं.

शशिधर : पोलीस आले, तर मी तुमच्या शेजारी उभा असेन. हे एकदा सांगून ठेवतो. मघाशी सांगायला हवं होतं.

अण्णा : उभा राहा, पण तिथे टक्केवारी काढत बसू नकोस. आसावरी, कोट कुठला घालू? तो राखाडी?

आसावरी : राखाडीच. थांबा, बाहीला परागकण लागलेत, झटकते.

अण्णा : राहू दे ते. दानुता तिथे असेल का?

आसावरी : हॉलच्या बाहेर थांबणार म्हणाली होती. आत यायचं धैर्य नाही तिला.

अण्णा : तिचं आडनाव काय?

आसावरी : आडनाव? मला नाही माहीत. शशी?

शशिधर : ठरावात दिलेलं नाही. तिथे फक्त 'ती पोलिश बाई' असं लिहिलं आहे.

अण्णा : चारचौघांत माफी मागायची, तर पूर्ण नाव घ्यायला हवं. चला, दहा मिनिटं आधी निघू. मला ते नीट म्हणता येईपर्यंत वेळ लागेल.