बाळकुमचा कट्टा कोणाचा?

अहो, माझं वाक्य पुरं झालं नव्हतं हो! तीन महिने हेच सांगतोय, पण ऐकतो कोण? तुम्ही तरी ऐका. मी सावकाश बोलतो, सवयच आहे, मध्ये श्वास घ्यायला थांबलो की लोकांना वाटतं झालं याचं... आणि त्या चॅनेलवाल्यांना तर माझा श्वासच पाहिजे होता, तिथंच कात्री!

तुम्हाला सांगतो, बाळकुमला आमच्या सोसायटीच्या गेटासमोर एक कट्टा आहे. ज्येष्ठ नागरिक कट्टा. म्हणजे काय, तर एक बाक, वर पत्रा, आणि पत्र्याहून मोठा नावाचा फलक. त्याचं उद्घाटन दोनदा झालं. आधी रवींद्रशेठनी केलं, तेव्हा ते नगरसेवक. मग पक्ष फुटला, त्यांच्याच हाताखालचे ऋतुराजदादा दुसऱ्या गटात गेले, त्यांनी बाकाला रंग दिला, फलक बदलला आणि परत नारळ फोडला. रंग ओला, त्यामुळे उद्घाटन झालं तरी बसायचं नाही! दोन्ही वेळा टाळ्या कोणी वाजवल्या? मी आणि प्रभाकरनं. खोबरंही आम्हीच खाल्लं.

हा प्रभाकर म्हणजे माझा दोस्त. तो बँकेत मॅनेजर होता, मी खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या धुवायचो. तो किती शिकलेला, मी चौथी. पण माझी रंगूबाई गेली ना, तेव्हा हा रोज संध्याकाळी येऊन नुसता शेजारी बसायचा. पुढं त्याची सुमतीवहिनी गेली, मग मी बसलो. तेव्हापासून पाच वाजले की कट्टा. माझा मुलगा बंटी डोंबिवलीला, नात सान्वी महिन्यातून एकदा फोनवरून हात हलवते. बाकी दिवसभर घरात बोलतो कोण? कुकर! तीन शिट्ट्या, संपल्या गप्पा.

तर एक दिवस मी एकटाच कट्ट्यावर, आणि हेमांगी आली. खाडीवार्ता चॅनेलची. चॅनेल रवींद्रशेठच्या मेहुण्याचं, हे मला नंतर कळलं. माइक माझ्या दाढीला लावला, "काका, कट्ट्याबद्दल दोन शब्द!" आता डेपोत आमची रीत अशी, साहेबापुढं तक्रार करायची तर आधी चांगलं बोलायचं. "साहेब, साबण झकास आलाय... पण पाणी नाही." तसंच बोलायला गेलो. म्हटलं, "रवींद्रशेठनी कट्टा झकास बांधला, बसायला बरं वाटतं..." आणि श्वास घेतला. पुढं होतं, "पण पत्रा गळतोय आणि शेठ दोन वर्षं फिरकले नाहीत." गेलं ते! संध्याकाळी टीव्हीवर माझं तोंड, खाली लाल पट्टी, "ज्येष्ठांचा कौल रवींद्रशेठनाच!" अहो, कौल कसला? वाक्य पुरं झालं नव्हतं हो माझं!

दुसऱ्या दिवशी ऋतुराजदादांच्या चॅनेलनं प्रभाकरला धरलं. तो पडला बँकेतला. त्याची रीत उलटी. कर्जाच्या फाइलवर आधी सगळ्या उणिवा लिहायच्या आणि शेवटी मंजूर. तो म्हणाला, "पत्रा गळतो, बाक डुगडुगतो, बांधणाऱ्यानं लक्ष दिलेलं नाही..." त्यालाही दम लागतो, वय काय आमचं! पुढं म्हणणार होता, "तरी आम्हाला आमचा कट्टा प्रिय आहे." कसलं काय! पट्टी आली, "रवींद्रशेठच्या कामावर ज्येष्ठांचा संताप!"

मग कोणीतरी मोबाइलवर दोन्ही तुकडे शेजारी जोडले. डावीकडं मी, उजवीकडं तो, मध्ये विजेची रेघ आणि ढोलाचा आवाज. जसं काही आम्ही एकमेकांच्या अंगावर धावतोय! आणि डोक्यावर दोघांच्या सारखीच माकडटोपी, जांभळी नाक्यावरून जोडीनं आणलेली. ती नाही दिसली कोणाला. तीन आठवड्यांनी बंटीचा फोन. मला वाटलं, तब्येत विचारतोय. "बाबा, तुम्ही व्हायरल झालात!" एवढं बोलून ठेवला.

आणि खरी गंमत इथं. प्रभाकरचा मुलगा साकेत हा ऋतुराजदादांचा विभाग अध्यक्ष. त्यानं बापाला सांगितलं, "बाबा, उद्यापासून कट्टा बंद. इलेक्शन तोंडावर आहे. त्यांच्या माणसाबरोबर तुमचा फोटो कोणी काढला तर दादांना काय उत्तर देऊ?" त्यांचा माणूस म्हणजे कोण? मी! मी गेलेलो त्याच्या घरी. दारात साकेत. "काका, राग मानू नका. तुम्ही त्यांचे, आम्ही यांचे." म्हटलं, "अरे बाळा, मी कोणाचाच नाही, मी आपला..." दार लागलं. वाक्य पुरं झालं नव्हतं हो!

तुम्ही म्हणाल, फोन करा. केला की! त्याला फोनवर ऐकू येत नाही. समोर बसून ओठ बघितले तरच समजतं. मी म्हणतो, "जेवलास का?" तो म्हणतो, "राँग नंबर."

एक महिना मी एकटा बसलो. पाच ते सात. शेजारची जागा पुसून ठेवायचो... उगाच.

मग हेमांगी परत आली. "काका, डिबेट! आमने-सामने! तुमचा व्हिडिओ जोरात चाललाय. एका टेबलाशी तुम्ही, समोर ते." मी विचारलं, "समोर? म्हणजे किती समोर?" "हे एवढ्या." मी चप्पल घालायला लागलो. म्हटलं, साकेत काही प्रभाकरला सोडणार नाही. पण साकेत काय म्हणाला माहीत आहे? "जा बाबा, त्यांच्या घरात शिरून ठोका!" म्हणजे बघा, शेजारी बसायला बंदी, भांडायला परवानगी!

गेलो. गळ्यात त्याच्या एका गटाचं उपरणं, माझ्या दुसऱ्याचं. माझं खुंटीला टांगल्यासारखं. हेमांगी ओरडली, "दगडूकाका, एका शब्दात सांगा, कट्टा कोणाचा?" मी म्हटलं, "आमचा..." दोघांचा, असं म्हणणार होतो. "बघा! रवींद्रशेठचा दावा पक्का!" अहो ताई, वाक्य... जाऊ दे. प्रभाकरला तर काही ऐकूच येत नव्हतं, ती काहीही विचारो, तो मान हलवून म्हणायचा, "पत्रा गळतो."

आणि मग जाहिरात लागली. गुडघ्याच्या तेलाची. दिवे मंद झाले, हेमांगी पाणी प्यायला उठली, आणि प्रभाकर टेबलावरून पुढं वाकला. "गोळ्या घेतोस ना रे वेळेवर?" मी म्हटलं, "घेतो. तू वाळलास." "सून मीठ घालत नाही." झालं, "चला, चला, लाइव्ह!" मी लगेच, "तुम्ही जनतेची दिशाभूल करताय!" तो, "पत्रा गळतो!"

दुसरी जाहिरात, गाद्यांची. तो हळूच म्हणाला, "परवा सुमतीचं वर्षश्राद्ध झालं. तुझं पान वाढायचं म्हणालो होतो मी. साकेत नको म्हणाला." मी त्याच्या हातावर हात ठेवला, काहीतरी बोलणार... दिवे लागले. कॅमेऱ्यात माझे डोळे भरलेले. पट्टी काय आली असेल? "विकासाच्या मुद्द्यावर दगडूकाकांना अश्रू अनावर!"

आता दर गुरुवारी आम्ही भांडतो. सहा वाजता. आठवडाभर मी भांडणं शोधत फिरतो, गटार, कुत्री, फुटपाथ, काहीही. विषय संपला तर बोलावणार नाहीत ना! लोक म्हणतात, दगडू म्हातारपणी राजकारणात पडला. पडू दे.

एवढीच विनंती, मंडळी. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण तुमच्यात कोणाचं दुकान असेल, क्लास असेल, पिठाची गिरणी असेल, तर त्या चॅनेलला एक जाहिरात द्या. काय विकायचं ते विका... फक्त जरा सावकाश विका हो.