क्रूस रडतो म्हणे

एल्सिरा: बघत काय उभा राहिलायस, लिसांद्रो? धर तिकडनं. ठेव टेबलावर. मिस्त्री, जे काय घासायचं ते आत्ताच्या आत्ता घासा.

ओनोफ्रे: हळू, एल्सिराबाई. स्टीलचा असला तरी क्रूस आहे, माशांची टोपली नाही. टेकडीवरून उपटून आणलात? पाद्रीबाबांना विचारलंत?

एल्सिरा: माझ्या पोराचा क्रूस, मी उपटेन नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन. पाद्रीबाबांना काय, क्रूस रडायला लागल्यापासून त्यांच्या मेणबत्त्या पुरत नाहीत.

ओनोफ्रे: रडतोय म्हणे खरा.

एल्सिरा: म्हणे काय? डोळे फुटले का तुमचे? हे तांबडे ओघळ बघा, दोन्ही हातांवरून, नावाखालून. निवाल्दोला समुद्रानं नेलं, हाडसुद्धा मिळालं नाही. पेटीत त्याचा रविवारचा कोट घालून पुरला आम्ही, आणि वर हा क्रूस. तुम्हीच सांगितलंत, हे स्टील आहे, खाऱ्या वाऱ्यालाही दाद देत नाही. मग हे रडतंय कशानं?

लिसांद्रो: माझ्यामुळं.

एल्सिरा: ऐका आता.

लिसांद्रो: सगळं बंदर तेच म्हणतंय, मावशी. होडीत आम्ही दोघंच होतो. मी परत आलो. मिस्त्री, ग्राइंडरची ही सगळ्यात जाड चकती ना? द्या इकडं. घासून टाकतो एकदाचं.

ओनोफ्रे: हात मागं घे! ती दगडी चकती आहे, वेल्डिंगचे उंचवटे खरवडायला. ती टेकवलीस तर ओघळांबरोबर नावही जाईल. एकेक अक्षर वेल्डिंगनं उठवलंय मी. आधी मला एक सांग. हा क्रूस घडवला तेव्हा शेवटचं घासकाम मी करत होतो, तर तू म्हणालास, मित्राचं काम आहे, माझ्या हातनं होऊ दे. घरी घेऊन गेलास. कुठली चकती लावलीस?

लिसांद्रो: घासकागदाच्या पाकळ्यांची. तुम्ही दिली होती तसलीच.

ओनोफ्रे: तसलीच म्हणजे? मी निळ्या डब्यातली दिली होती, कागदात गुंडाळलेली.

लिसांद्रो: ती ठेवलीय जपून. नवी कशाला फोडायची? माझ्या मशीनला एक लावलेलीच होती. होडीच्या नांगराचा गंज काढला होता तिनं. बरी धार होती अजून.

ओनोफ्रे: झालं. बसा, एल्सिराबाई.

एल्सिरा: उभी आहे ती बरी आहे.

ओनोफ्रे: ती चकती नांगराचं लोखंड खाऊन बसली होती. सगळी भुकटी पाकळ्यांत. तीच चकती स्टीलवर फिरवली, की भुकटी स्टीलच्या अंगात घुसते. वरून आरशासारखं चकचकीत. मग समुद्राचं धुकं लागलं की ती भुकटी गंजून ओघळते. म्हणून तर माझ्याकडं दोन डबे आहेत, तांबडा लोखंडाचा, निळा स्टीलचा. या डब्यातली चकती त्या डब्यात टाकली तर बायकोलासुद्धा दुकानाबाहेर काढीन मी. निवाल्दो रडत नाहीये, बाई. नांगर गंजतोय.

एल्सिरा: मिस्त्री, तुम्हीच सगळ्या बंदराला सांगता ना, देवमाशानं तुमचा ग्राइंडर गिळला होता?

ओनोफ्रे: होता.

एल्सिरा: आणि त्याच्या फवाऱ्यातनं ठिणग्या उडत होत्या. त्या उजेडात तुम्ही जाळं विणलंत.

ओनोफ्रे: फाटलेलं शिवलं. विणलं असं मी कधी म्हटलं नाही.

एल्सिरा: असल्या माणसाच्या तोंडून मी ऐकायचं, की माझा पोरगा रडत नाही?

ओनोफ्रे: म्हणूनच गप्प बसलो होतो. पहिल्या मेणबत्तीलाच शंका आली मला. ओघळ सुटतायत कुठून बघा. चकतीचे अर्धगोल ओरखडे दिसतात ना, नेमके तिथूनच. माणूस असा गोल गोल रडत नाही. पण माझं ऐकणार कोण? म्हणून क्रूस केला त्याच पट्टीचा उरलेला तुकडा घेतला. अर्ध्यावर लोखंडाला वापरलेली चकती फिरवली, अर्ध्यावर निळ्या डब्यातली कोरी. मागच्या भिंतीवर समुद्राकडं तोंड करून टांगलाय. मी एक शब्द बोलत नाही. जा, तुम्हीच बघा. लिसांद्रो, तूही जा.

(दोघं मागच्या दारानं जातात. बऱ्याच वेळानं परत येतात. तुकडा एल्सिराच्या हातात आहे.)

एल्सिरा: अर्धा रडतोय. अर्धा कोरडा.

ओनोफ्रे: हो.

एल्सिरा: भिंतीखाली कुणाला पुरलेलं नाही.

ओनोफ्रे: नाही, बाई.

एल्सिरा: म्हणजे तो काहीच म्हणत नाहीये.

ओनोफ्रे: बाई...

एल्सिरा: रोज संध्याकाळी जायचे टेकडीवर. शालीच्या टोकानं ओघळ पुसायचे. म्हणायचे, बोल रे बाबा, काय दुखतंय ते बोल. रडत होता, पण होता तरी. जन्मभर थापा मारल्यात, मिस्त्री, आणि खरं बोलायला आजचाच दिवस सापडला तुम्हाला?

ओनोफ्रे: तुम्ही सांगा, हा तुकडा आत्ता पाण्यात फेकतो. क्रूस होता तसा परत लावू. मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

एल्सिरा: आणि याचं काय? हा तेव्हापासून होडीला शिवला नाही. याची बायको माझ्या दारावरनं मान खाली घालून जाते. लिसांद्रो, इकडं बघ. क्रूसाला विचारत बसले, तुला विचारलंच नाही. त्याला पाण्यातनं ओढताना दोर सोडलास का तू?

लिसांद्रो: नाही, मावशी. तुटला. टोक माझ्या हातात राहिलं.

एल्सिरा: बरं.

लिसांद्रो: खरंच, मावशी, आईची...

एल्सिरा: बरं म्हटलं ना. शपथा नकोत. मिस्त्री, कुठली चकती?

ओनोफ्रे: निळ्या डब्यातली, बारीक दाण्याची. कागद तू फाड, लिसांद्रो. हात हलका ठेव. जोर दिलास तर स्टील तापून निळं पडेल आणि तिथूनच पुन्हा गंज धरेल. अक्षरांच्या कडा हातानं घास, मशीन नको तिथं. मग तेजाबाचा लेप लावू, उरलंसुरलं लोखंड तो खाईल. गोड्या पाण्यानं धुवू. अगदी शेवटी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची मऊ चकती, तीही कोरी.

लिसांद्रो: मी करू? पुन्हा मीच?

एल्सिरा: मग कोण? मी या बाजूनं धरते.

ओनोफ्रे: चष्मा लावा, बाई. आणि हे कानांवर चढवा. आवाज फार होतो.

एल्सिरा: किती?

ओनोफ्रे: इथं शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही.

एल्सिरा: रस्त्यावर?

ओनोफ्रे: रस्त्यावर तर काहीच नाही जात. नुसती घरघर.

एल्सिरा: मग लाव मशीन, लिसांद्रो. मी जरा रडून घेते. थांब म्हणेपर्यंत बंद करू नकोस.